बिनआवाजाचा टीव्ही

आमच्या घरमालकांनी पहिला टीव्ही आणला त्याच दिवशी त्याचं मागचं झाकण उघडलं आणि स्पीकरची वायर पकडीनं कापून टाकली. हे कुणाला सांगितलं की लोक हसायला लागतात आणि पुढचं ऐकूनच घेत नाहीत. मला त्याचा फार राग येतो. वायर त्यांनी वेडाच्या भरात कापली नव्हती. त्यांना टीव्ही नीट बघायचा होता आणि आवाजाचा त्यात अडथळा होत होता, इतकं साधं कारण होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या कारखान्यांना लागून त्यांचं दुमजली घर. वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो, आई, वडील आणि मी. खाली ते आणि त्यांची बायको. मी त्यांना मामा म्हणायचे आणि बायकोला मामी. ते तेलुगू बोलणारे, विणकर घराण्यातले. आम्ही अक्कलकोटकडचे, आईचं माहेर तर पार सीमेपलीकडं, त्यामुळं घरात थोडं कानडी, थोडं मराठी. मामा कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्या खडखडाटात तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. त्यांना थोडंफार ऐकू यायचं, पण ते बोलणं नसायचं, नुसती घरघर असायची. "आवाज चालू असला की तोंडाकडं ध्यान राहत न्हाई," ते म्हणायचे.

हे तोंडाकडं ध्यान देणं ते कारखान्यात शिकले. तिथं कुणी ओरडून काही सांगत नाही, कारण ओरडून उपयोगच नसतो. दहा माग सोडून पलीकडं उभ्या असलेल्या माणसाला काही सांगायचं तर तोंड सावकाश हलवायचं आणि त्यानं तिकडून ओठ वाचायचे. कामगारांत कुणी तेलुगू, कुणी कानडी, कुणी दखनी बोलणारा, कुणी मराठी. मामांना ह्या सगळ्यांची तोंडं यायची. लहानपणी मला ते समोर बसवून शिकवायचे. "प, ब, म, तिन्हीला तोंड एकच होतंय बघ. मागचं-पुढचं बघून ठरवायचं. आणि ठरत नसंल तर ठरत न्हाई म्हणायचं. आपल्या मनाचं घालायचं न्हाई." मी आवाज न काढता 'पाटी', 'बाटी', 'माती' म्हणून त्यांना फसवायला बघायचे. ते कधी फसले नाहीत, आणि कधी उगाच अंदाजही ठोकला नाही.

मामी विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि नजर सुपातून वर काढायला फुरसत नसायची. त्यांना मालिका ऐकायच्या असायच्या, आणि ह्या बाबानं आवाजच कापलेला. मग मामा शेजारी बसून सगळे संवाद बोलून दाखवायचे. नायिकेचे, सासूचे, खलनायकाचे, सगळे आपल्याच एका आवाजात, आणि स्वतःला ऐकू येत नसल्यामुळं जरा जास्तच मोठ्यानं. मामींचे डोळे कामात आणि मामांचे कान गेलेले, असा दोघांत मिळून एक टीव्ही बघून व्हायचा. 'आई, मला ह्या घरात सून म्हणून जागा द्या,' असं एक पन्नाशीचा गडी खालून रडवेल्या आवाजात ओरडतोय हे वर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आलं की भाकरी थापता थापता माझी आई हसून बेजार व्हायची.

डबिंग केलेल्या मालिकांवर मात्र त्यांचा दात होता. दक्षिणेकडच्या मालिका हिंदीत यायला लागल्या तेव्हा गल्लीतल्या बायका हिंदी ऐकायच्या आणि मामा खिडकीतून आत बघत तेलुगू वाचायचे. न बोलावता घरात शिरून सांगायचे, "ती तसं म्हणतच न्हाई. भाऊ अजून आला न्हाई म्हणतीया. ह्यांनी तिच्या तोंडात कायपण घातलंय की." बायका वैतागायच्या. तो प्रसंग रडण्याचा असायचा, आणि हे मध्येच उभे राहून सिद्ध करायचे की त्या भलत्याच गोष्टीवर रडतायत.

गाण्याच्या स्पर्धांचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा मामांचं घर भरायला लागलं. गाणं त्यांना ऐकू येत नव्हतं, तिकडं त्यांचं लक्षही नसायचं. पण परीक्षक माईक बाजूला करून एकमेकांच्या कानाशी काय बोलतात ते सगळ्या गल्लीत फक्त त्यांना कळायचं. इकडं पोरगी जीव तोडून गातेय, तिचे वडील डोळे पुसतायत, आणि मामा सांगायचे, "तो म्हणतोय, जेवायला कधी सोडत्यात. ती म्हणतीया, अजून दोघं हायत." एकदा एका स्पर्धकाची आजी हुंदके देत होती. मामा म्हणाले, "कडेला कोण तरी उभा हाय. म्हातारी त्याला विचारतीया, अजून रडू का, पुरे झालं." लोक हसले. मामा हसले नाहीत. म्हातारी दमली होती, तिला कुणी बसायला द्यायला पाहिजे होतं, असं ते दोन दिवस म्हणत राहिले.

त्यांचा पुण्याचा मुलगा पुढं मोठा सपाट टीव्ही घेऊन आला. त्याला उघडायला झाकणच नाही म्हणून मामा खट्टू झाले. मग त्यांनी रिमोटच्या आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. बातम्यांच्या चर्चा त्यांना फार आवडायच्या. आठ चौकोनांत आठ माणसं एकदम भांडतायत, आपल्याला एकाचंही कळत नाही, पण मामा आठ जणांचं आळीपाळीनं वाचायचे. "कुणीच कुणाला उत्तर देत न्हाई," ते म्हणायचे. "घरनंच पाठ करून आल्यात." मालिकांतला कॅमेरा बोलणाऱ्याला सोडून ऐकणाऱ्यांची तोंडं तीन तीनदा दाखवतो, ह्याचा मात्र त्यांना मनापासून त्रास व्हायचा. त्यांच्या मते मालिकेतलं निम्मं बोलणं त्या पायी वाया जात होतं.

आता लग्नाच्या सीडीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या मुलीचं लग्न झालं. महिनाभरानं लग्नाची सीडी आली, आणि ती बाई ती घेऊन मामांकडं. सनई-चौघड्याच्या आवाजात व्याही मंडळी मागं उभी राहून काय कुजबुजत होती ते तिला ऐकायचं होतं. मामांनी बघितलं आणि होतं तसं सांगितलं. मुलाची आत्या म्हणत होती, पोरगी फोटोत गोरी दिसत होती, फसलो आपण. मुलाची आई म्हणत होती, आता काय करायचं, पदरात पडलंय. मामांनी आपलं एक अक्षर घातलं नाही आणि एक गाळलंही नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप व्याह्यांच्या दारात जाऊन भांडला, आणि नवी नवरी आठ महिने माहेरी येऊन बसली. नळावर पाणी भरताना ती मान खाली घालून उभी राहायची, मला अजून आठवते.

मामींनी त्यांना लई बोल लावले. मामा आधी म्हणत राहिले, "तिनं विचारलं, म्या सांगितलं." मग त्यांचं ते म्हणणं बंद झालं. पुढं त्या मुलीचं नीट झालं, नांदायला गेली, पोरंबाळं झाली. पण त्या दिवसापासून मामांनी कुणाची घरची सीडी हातात धरली नाही. कुणी मिनतवारी केली तर म्हणायचे, "टीव्हीतली माणसं आपल्यासाठीच बोलत्यात. त्यांचं वाचायला हरकत न्हाई. घरातल्या माणसाचं बोलणं ज्याला म्हटलं त्याचं असतंय." त्यांच्या ह्या नियमापायी मी एक दिवस त्यांच्याशी कडाकडा भांडणार होते.

मामी गेल्या तेव्हा मी लग्न होऊन होटगी रोडला राहत होते. वडीलही त्याआधी गेलेले. वरच्या खोल्यांत आई एकटी, खाली मामा एकटे. आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून नवी पेठेतल्या एका दुकानाला द्यायची. मी भेटायला गेले की सांगायची, "खालचं घर गप झालंय गं." मामा टीव्ही बघायचे, पण संवाद बोलायचे नाहीत. ऐकायलाच कुणी नव्हतं. आई त्यांना भाकरी नेऊन द्यायची आणि जिन्यातूनच तोंड हलवून काहीबाही बोलायची.

आईचा आवाज बसला तेव्हा ती म्हणाली, मिरचीचा ठसका आहे, जाईल. चार महिने गेला नाही. मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. गळ्याचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल, आणि काढली तरी खात्री देता येणार नाही. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नको. आहे तेवढं राहू दे. मी बोलत बोलत जाते." हे तिचे शब्द आहेत. मी ते ऐकले आणि तरी ऐकले नाहीत. माझा स्वभाव तापट, आणि भीती वाटली की मी जास्तच तापते. मी तिला म्हटलं, तुला मरायची हौस आहे का, माझा विचार कर. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. संमतीच्या कागदावर अंगठा द्यायचा होता. तिनं हात मागं घेतला. मी तो ओढून घेतला, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. तिनं मग काही जोर केला नाही.

ऑपरेशननंतर मी तिला माझ्या घरी आणलं. गळ्याला भोक, त्यात नळी, आणि तोंडातून आवाजाचा टिपूससुद्धा नाही. ओठ मात्र हलत होते. आठ दिवस आम्ही तिचे ओठ बघून अंदाज बांधत होतो. पाणी दिलं, पंखा कमी केला, पंखा जास्त केला, कूस बदलली, बेडपॅन दिलं. ती मान हलवायची, पुन्हा तेच ओठ, पुन्हा तेच. शेवटी तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि ओठ हलवायचंच सोडून दिलं. ह्या आठ दिवसांत मला मामांची आठवण झाली नाही. ज्यांच्यासमोर बसून मी लहानपणी पाटी-बाटी-माती केलं, त्यांची आठवण झाली नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

नवव्या दिवशी मी रिक्षा करून त्यांना घेऊन आले. त्यांनी स्टूल पलंगाजवळ ओढलं, चष्मा धोतराला पुसला आणि आईला तोंडानंच काहीतरी विचारलं. आईचे ओठ हलले. मामा बघत राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ती कानडी बोलतीया. तू मराठी वाचायलीस."

आई आजारात माहेरच्या भाषेत गेली होती. माझ्याशी जन्मभर मराठी बोलली म्हणून मी तिच्या तोंडात मराठीच शोधत बसले होते. "काय म्हणतेय?" मी विचारलं. "दार लावू नका म्हणतीया. आठ दिवस झालं सांगतीया. हाक मारता येत न्हाई, दार लावलं की भ्या वाटतंय."

तिला विश्रांती मिळावी म्हणून मी तिच्या खोलीचं दार दर वेळी आठवणीनं लावून घेत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले.

त्या दिवसापासून मामा रोज चार वाजता यायचे. पूर्व भागातून सात रस्त्याला, तिथं रिक्षा बदलून होटगी रोड. त्यांच्या मालिकांची वेळ तीच, पण त्यांनी मालिका सोडल्या. आईच्या समोर बसून ती ओठ हलवेल तसं ते बोलत जायचे, मामींना संवाद सांगायचे तसंच, 'मी' म्हणून. पंचाहत्तरीचा म्हातारा मोठ्या आवाजात म्हणायचा, "माझं पातळ बदल गं, घामानं भिजलंय." किंवा, "शेंगा जास्त भाजल्यास तू, वासावरनं कळतंय मला." किंवा सरळ, "गाढवे, जावयाला आधी वाढ." मी ऑफिसातून यायचे आणि दारातच मामांच्या आवाजात आईच्या शिव्या खायचे. सांगायला विचित्र वाटतं, पण ते माझे सुखाचे दिवस होते. आई हसायची तेव्हा नुसते खांदे हलायचे, आणि मामा गंभीरपणे सांगायचे, "हसतीया."

मला मात्र तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायला धीर होत नव्हता. एकदा केला. म्हटलं, "आई, ऑपरेशन केलं म्हणून माझ्यावर राग आहे का तुझा?" आईनं माझ्याकडं बघितलं आणि मग खिडकीकडं. मी मामांकडं बघितलं. मामा म्हणाले, "गप हाय."

सहा महिन्यांनी तिचं खाणं तुटलं. त्याच सुमाराला एक दिवस मी ऑफिसातून जरा लवकर आले. खोलीचं दार आता उघडंच असायचं. मामांची पाठ माझ्याकडं होती, आईचं तोंड समोर, नजर मामांवर. ती बोलत होती, सावकाश, न थांबता. आणि मामा गप्प होते. एक शब्द मोठ्यानं बोलत नव्हते. मला कळलं की हेच ते, मी विचारलेल्याचं उत्तर. मी दारातच उभी राहिले, पर्समधून मोबाईल काढला आणि चोरासारखं दोन मिनिटांचं चित्रण केलं. चांगलं केलं नाही, पण केलं.

मग पुढं होऊन विचारलं, "काय म्हणाली?"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "आमचं बोलणं."

बारा दिवसांनी आई गेली. तेरावं झाल्यावर मी मामांच्या घरी गेले, मोबाईल त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, वाचा. त्यांनी पडद्यावर आईचं तोंड बघितलं आणि मोबाईल पालथा घातला.

"माझ्याशी बोलली ती," ते म्हणाले. "तुला सांगायचं असतं तर तुला सांगितलं असतं."

"मी तिची मुलगी आहे, मामा."

"व्हय. म्हणूनच की."

मला ते 'म्हणूनच' कळलं नाही. माझं डोकं फिरलं. मी त्यांना नको ते बोलले. म्हटलं, आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं वाचत बसलात, तेव्हा कुठं गेला होता हा नियम? त्या पोरीला आठ महिने माहेरी बसवलंत तेव्हा नियम नव्हता का? तुम्हाला माझ्या आईचं शेवटचं बोलणं दाबून ठेवण्यात मोठेपणा वाटतोय. मी हे सगळं नीट त्यांच्यासमोर तोंड धरून बोलले, एकेक अक्षर त्यांना कळावं म्हणून. त्यांनी सगळं वाचलं.

दीड वर्ष मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. ते चित्रण मी मोबाईल टीव्हीला जोडून मोठ्या पडद्यावर बघायला लागले. माझी कानडी कामापुरती. मग मी कानडी मालिका लावायला लागले, भाग एकदा आवाज चालू ठेवून आणि तोच भाग परत आवाज बंद करून. नवरा म्हणायचा, ह्या बाईला खूळ लागलं. लागलं होतंच. ऑफिसात समोरच्या खिडकीतली बाई फोनवर काय बोलतेय ते मला कळायला लागलं. बसस्टॉपवर पलीकडच्या बाजूला नवरा-बायको भांडत असले की मी मान फिरवायला लागले. आणि मग आईचं तोंड थोडं थोडं उलगडायला लागलं. आधी 'पोरगी' कळलं. मग 'अंगठा'. मग 'हेळब्याड्री', म्हणजे सांगू नका. हा शब्द ती दोन मिनिटांत तीनदा म्हणाली होती.

सगळं जुळायला आणखी चार महिने गेले. आई मामांना म्हणत होती, "पोरीला सांगू नका. मला हे नको होतं, अजूनही नकोच वाटतं. रोज वाटतं, तेव्हाच गेले असते तर सुटले असते. पण माझा अंगठा धरला तेव्हा तिचाच हात थरथर कापत होता. कळलं तर ती हे जन्मभर उरावर घेऊन बसेल. तिला सांगू नका."

ज्या दिवशी हे शेवटचं वाक्य लागलं त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मनात आलं, कशावरून बरोबर वाचलं? प, ब, म एकच दिसतात. मी माझ्या मनातलंच आईच्या तोंडात घातलं असेल. खात्री करून देणारा माणूस जगात एकच होता.

ऑफिस सुटल्यावर गेले. मामा खूप वाळले होते. टीव्ही चालू होता, कसल्याशा स्पर्धेत एक पोरगा गात होता. मला बघून त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली, जणू मी कालच येऊन गेले होते. मी त्यांच्या आणि टीव्हीच्या मध्ये जाऊन बसले. त्यांना वाटलं असेल, माफी मागायला आली. मी आवाज काढला नाही. आईचे ओठ जसे हलत होते तसे माझे हलवले, तिच्याच कानडीत, तिच्याच संथपणानं, पोरीला सांगू नका इथपासून शेवटपर्यंत. अंगठ्याच्या वाक्याला माझी हनुवटी थरथरायला लागली, म्हणून तेवढं वाक्य परत म्हटलं.

मामांनी शेवटपर्यंत बघितलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"चुकलीस," ते म्हणाले.

मी वाट बघत बसले. डोळे मिटलेल्या मामांशी बोलायचा काही मार्गच नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, ते ओले होते. मी तोंड हलवून विचारलं, "मग काय म्हणाली होती?"

ते माझ्याकडं न बघता, पलीकडच्या भिंतीकडं बघत विचार करत राहिले. आपल्या मनाचं काही घालायची त्यांना सवय नव्हती, स्पष्ट दिसत होतं. शेवटी म्हणाले, "म्हणाली, पोरगी हापिसातनं दमून येती. आली की तिला चहा देत जा."

एवढं म्हणायला आईला दोन मिनिटं लागली नसती, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण तसं केलं असतं तर मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं असतं, आणि त्यांनी आईला दिलेला शब्द मोडला असता. मी मान डोलावली. तोंड नीट त्यांच्यासमोर धरून म्हटलं, "बरं मामा. माझंच वाचायचं चुकलं."

त्यांनी भिंतीला हात टेकून गुडघे सरळ केले आणि आत गेले. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, भांडं पडल्याचा आला. मी मदतीला उठले नाही. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. साखर लई झाली होती. मी तो चहा सगळा प्यायले.